खंजिरीच्या तालावर गाव जागविणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त जवाहरनगर येथे झालेले व्याख्यान)



देऊळ नवे झाले. भिंतींना रंग लागला, गाभाऱ्यात फरशी आली, सभामंडपाला छप्पर आले. कुणी रोख रक्कम दिली, कुणी सिमेंटची पोती दिली, ज्याच्याजवळ पैसा नव्हता त्याने आठ दिवस घमेली वाहिली. समितीने सर्वांची नोंद ठेवली आहे आणि ती ह्या स्मरणिकेत छापून येत आहे. हे सर्व योग्यच झाले. आता पुढचा प्रश्न उरतो. ह्या सभामंडपात उद्यापासून काय व्हावे? सोहळ्याचे चार दिवस गर्दी असते. पाचव्या दिवशी संध्याकाळी दिवा लागल्यावर येथे किती माणसे बसलेली असतील? ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच विदर्भातील एका संताने आपल्या सबंध आयुष्याने दिले आहे. म्हणून आजच्या दिवशी त्यांचे चरित्र आठवावे, हे उचित आहे. ते संत म्हणजे वंदनीय राष्ट्रसंत तुकडोजी महाराज.

आपल्या जवाहरनगरजवळून जो महामार्ग जातो, तोच नागपूर ओलांडून पुढे पश्चिमेस अमरावतीकडे जातो. त्याच रस्त्यावर, अमरावतीच्या अलीकडे, तिवसा तालुक्यात मोझरी हे गाव लागते. रस्त्याच्या एका बाजूला गुरुकुंज आश्रम आणि समोर महाराजांची महासमाधी. ट्रकवाले, एस. टी. चे प्रवासी, जाणारे-येणारे तेथे क्षणभर थांबतात आणि हात जोडतात. म्हणजे महाराज काही दूरदेशीचे नव्हेत. ते आपल्याच रस्त्यावरचे आहेत.

जन्म आणि बालपण

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली ह्या खेड्यात झाला. वडिलांचे नाव बंडोजी, आईचे नाव मंजुळाबाई. वडील शिवणकाम करीत. घरची स्थिती गरिबीची. मुलाचे नाव ठेवले माणिक. शाळा फारशी झाली नाही. पाटीपेक्षा त्या मुलाला भजनाची गोडी अधिक. गावात कुठे टाळ वाजला की माणिक तेथे हजर. देवळाच्या ओट्यावर बसायचे, ऐकलेले पद घोळवायचे, आणि हाताला जे सापडेल त्यावर ठेका धरायचा. अशा मुलाबद्दल आईबापांना काळजी वाटणारच. कष्टाच्या घरात पोरगे गाण्याच्या नादी लागले, तर उद्या पोटाचे काय?

पुढे वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांना गुरु लाभले. आडकोजी हे अवलिया वृत्तीचे सत्पुरुष. असे सांगतात की, माणिक भजन म्हणताना शेवटी तुकोबांची नाममुद्रा घेई. आडकोजींनी त्याला सांगितले की, दुसऱ्याच्या नावाने किती दिवस गाशील, आता स्वतःच्या नावाने गा; तुझे नाव तुकड्या. भाकरीच्या तुकड्यावर जगणारा तो तुकड्या, असाही ह्या नावाचा अर्थ लोक लावतात. नाव कसेही पडले असो, ज्या मुलाला शाळेने फारसे काही दिले नाही, त्याच्या पदांच्या शेवटी हेच नाव पुढे हजारो वेळा आले. मराठी आणि हिंदी मिळून त्यांची भजने तीन हजारांच्या वर आहेत, असे मानले जाते.

तरुणपणी ते घर सोडून निघाले. रामटेक, सालबर्डी, चिमूरजवळची रामदिघी, ह्या रानावनांत त्यांनी काळ काढला. त्या काळाविषयी चमत्काराच्या कथा पुष्कळ आहेत. परंतु महाराजांनी स्वतः पुढे ग्रामगीतेत संतांच्या चमत्कारांवर एक अध्यायच लिहिला, आणि चमत्काराच्या मागे लागणाऱ्या लोकांना जागे केले. तेव्हा त्या कथा येथे सांगत बसणे त्यांनाही आवडले नसते. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की, रानात गेलेला हा माणूस रानातच राहिला नाही. तो पुन्हा गावात आला, आणि येताना हातात खंजिरी घेऊन आला.

खंजिरीच का?

खंजिरी आपण सर्वांनी पाहिली आहे. लाकडाचे एक कडे, त्याच्या एका बाजूस ताणून बसविलेले कातडे, आणि कड्याच्या खाचांत बसविलेल्या धातूच्या लहान चकत्या. पूर्वी तिला घोरपडीचे कातडे लावीत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यानंतर ते चालत नाही. आता बकरीचे कातडे किंवा कृत्रिम पान वापरतात. आवाज चढा झाला तर कातड्याला पाण्याचा हात लावायचा, उतरला तर शेकोटीजवळ धरायचे. बस्स, एवढाच तिचा सांभाळ. पेटीला भाता लागतो, तबल्याला जोडी लागते, वीणेला खुंट्या पिळाव्या लागतात. खंजिरी खांद्याच्या झोळीत मावते. पायी चालणाऱ्या माणसाला, आज ह्या गावी तर उद्या त्या गावी मुक्काम करणाऱ्याला, ह्यापेक्षा सोयीचे वाद्य नाही. आणि ते मोलमजुरी करणाऱ्या माणसालाही परवडते.

परंतु महाराजांच्या हाती ती सोयीची वस्तू राहिली नाही. डाव्या हातात खंजिरी धरून उजव्या हाताची बोटे तिच्यावर पडू लागली की, सभेतील हजारो माणसे एकदम शांत होत, असे ज्यांनी ऐकले ते जुने लोक सांगत असत. कधी ठेका संथ, कधी पावसाच्या सरीसारखा. आवाज खणखणीत. शब्द सोपे, शेतातले आणि घरातले. ऐकणाऱ्याला कोश काढून अर्थ पाहावा लागत नसे. झोपडीतल्या समाधानावरचे त्यांचे भजन तर शाळेच्या पाठ्यपुस्तकातून महाराष्ट्रातील मुलांनी पाठ केले. त्यांच्या स्वतःच्या आवाजातील भजने ध्वनिमुद्रित झालेली आहेत. ज्या मुलांनी त्यांना पाहिले नाही, त्यांनी ती अवश्य ऐकावीत.

आपल्याकडे धर्म सांगण्याच्या रीती पुष्कळ. नारदीय कीर्तनात बुवा उभे राहतात, पूर्वरंगात एखादे पद घेऊन निरूपण करतात, उत्तररंगात आख्यान लावतात. वारकरी कीर्तनात अभंगाचे निरूपण आणि मागे टाळकऱ्यांची साथ. गाडगेबाबांची तर रीतच न्यारी. हातात खराटा, आधी गाव झाडायचे, मग रात्री लोकांनाच प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे. तुकडोजी महाराजांनी आणखी एक वाट पाडली. एक भजन, त्याचे धृपद सर्वांनी म्हणायचे. मध्ये चार वाक्ये बोलणे. मग दुसरे भजन. बोलण्यात काय असे? गाव झाडा, दारू सोडा, हुंडा घेऊ नका, देवापुढे बोकड कापू नका, पोरीला शिकवा, शिवाशिव पाळू नका. हीच गोष्ट कुणी नुसती भाषणात सांगितली असती तर लोकांनी कान झटकले असते. गाण्यातून सांगितली म्हणून ती घरी पोहोचली. दुसऱ्या दिवशी बाई जात्यावर बसली की तेच धृपद तोंडात, गडी नांगरामागे चालला की तेच धृपद तोंडात. संगीताची आवड पुष्कळांना असते. त्या आवडीला गावाच्या कामाला जुंपणे हे ज्याला साधले, तो तुकड्यादास.

गांधीजींची भेट आणि ४२ चा लढा

१९३५ साली मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना झाली. १९३६ साली महात्मा गांधी वर्ध्याजवळ शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहावयास आले. त्याच वर्षी महाराजांचे तेथे जाणे झाले आणि सुमारे महिनाभर ते गांधीजींच्या सहवासात राहिले. सूतकताई, सफाई, प्रार्थना, सर्व धर्मांविषयी आदर ह्या गोष्टी त्यांनी तेथे जवळून पाहिल्या. गांधीजींच्या प्रार्थनेला भजनाची जोड असे, हे सर्वांना ठाऊक आहे. खेड्यातून आलेल्या ह्या खंजिरीवाल्या साधूला तेथे परके वाटले नसावे.

मग १९४२ साल आले. ९ ऑगस्टला पुढारी पकडले गेले. १६ ऑगस्टला चिमूर आणि आष्टी येथे लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसे मेली, नंतर फाशीच्या शिक्षा झाल्या आणि त्या रद्द व्हाव्यात म्हणून मोठी चळवळ झाली. महाराजांचा जन्म झाला ते यावली गावही त्या लढ्यात मागे राहिले नाही. त्या गावाला आज यावली शहीद म्हणतात, तसेच आष्टीलाही आष्टी शहीद म्हणतात. ह्या भागात महाराजांची भजने त्याआधी गावोगाव होत होती. सरकारला कळून चुकले की हा साधू नुसता देवाचे नाव घेत नाही. ऑगस्टच्या अखेरीस त्यांना चांद्यास पकडण्यात आले. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात त्यांना ठेवले आणि डिसेंबरात सोडले.

मंडळी, येथे थोडे थांबून विचार करावा. त्यांच्याजवळ बंदूक नव्हती. पक्ष नव्हता. पैसा नव्हता. होते काय, तर एक कडे, एक कातडे आणि गळा. तरी बलाढ्य इंग्रज सरकारला त्यांना चार भिंतींत बंद करावेसे वाटले. गाणे म्हणजे फावल्या वेळेची करमणूक असे ज्यांना वाटते, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

सामुदायिक प्रार्थना

तुरुंगातून आल्यावर त्यांनी कामाला घट्ट बांधणी दिली. १९४३ साली श्रीगुरुदेव सेवामंडळ उभे राहिले, 'श्रीगुरुदेव' मासिक निघाले. विदर्भात गावोगाव मंडळाच्या शाखा झाल्या. भगव्या टोप्या, पांढरे कपडे, भेटल्यावर 'जयगुरु'. पहाटे ध्यान, संध्याकाळी ठरल्या वेळी सामुदायिक प्रार्थना. प्रार्थनेला रांगेत बसायचे, वेळ चुकवायची नाही. समोर अमुक एका देवाची मूर्ती ठेवायची नाही. एक साधे अधिष्ठान मांडायचे, म्हणजे ज्याचा जो देव असेल त्याने तेथे पाहावा.

ह्यात मोठे शहाणपण आहे. एकाच रांगेत बसायचे म्हटले की पाटील कोण, मजूर कोण, कुणाची जात कोणती, हे विचारण्यास जागा उरत नाही. शेजारी जो बसला तो आपला. ज्या काळात देवळाच्या पायरीवरून माणसांना हाकलून देत, पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार सर्वांना मोकळे व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले, त्या काळात महाराज खेड्यापाड्यांत माणसांना एका रांगेत बसवीत होते. भाषण ऐकून जात विसरणारे थोडे. पण एका तालावर टाळी वाजवू लागले की दोघांचा हात एकाच वेळी खाली येतो. असे रोज झाले तर मनेही एकत्र यायला वेळ लागत नाही.

ग्रामगीता आणि देऊळ

१९५५ साली ग्रामगीता प्रसिद्ध झाली. ४१ अध्याय, ४,६७५ ओव्या. महाराजांनी ज्ञानोबा-तुकोबांप्रमाणे ओवी-अभंगाचीच वाट धरली, परंतु विषय घेतला गावाचा. ग्रामरक्षण, ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, गोवंशसुधार, महिलोन्नती, वैवाहिक जीवन, अंत्यसंस्कार, सण-उत्सव, यात्रा-मेळे, असे एकेक अध्याय. गावाचे असे काही राहिले नाही की ज्यावर त्यांनी लिहिले नाही. तालुक्याच्या कचेरीत गावाचे दप्तर असते. त्यात सातबारा असतो, फेरफार असतो, कोणाची किती जमीन आणि कोणाचे कोणाशी बांधावरून भांडण हे त्यात सापडते. गावातली माणसे एकमेकांशी कशी वागतात, ह्याचा मात्र त्यात रकाना नाही. तो रकाना ग्रामगीतेत आहे.

त्याच ग्रंथात देवमंदिरांवर एक अध्याय आहे आणि भजनाच्या प्रभावावरही एक स्वतंत्र अध्याय आहे. आजच्या प्रसंगी हे दोन अध्याय प्रत्येक घरी वाचले गेले तर ह्या सोहळ्याचे सार्थक होईल. महाराजांचा देवळाला विरोध मुळीच नव्हता. परंतु देऊळ कशासाठी, हे ते रोखठोक विचारतात. देऊळ हे गावाला एकत्र आणणारे ठिकाण असावे, तेथे स्वच्छता असावी, मुलांना चार चांगल्या गोष्टी शिकायला मिळाव्यात, गावाच्या भल्याचा विचार तेथे बसून व्हावा, असा त्यांचा आग्रह. देवापुढे पैशांचा ढीग आणि देवळामागे उपाशी म्हातारी, हे त्यांना सहन होत नसे. भजनाविषयीही त्यांचे म्हणणे असेच सरळ. गळा गोड असला, ताल पक्का असला, पण भजन संपवून घरी जाताना जो भावाशी भांडतो आणि बायकोवर हात उगारतो, त्याचे भजन वाया गेले.

लक्षात घ्या, हे सांगणारा माणूस संगीताचा वैरी नव्हता. संगीतावर त्याने जीव लावला होता. ज्याला एखादी गोष्ट मनापासून आवडते, त्यालाच तिचा गैरवापर सलतो.

सातासमुद्रापार खंजिरी

स्वातंत्र्यानंतर महाराजांचे कार्य देशभर पसरले. विनोबाजींच्या भूदानाला त्यांनी हातभार लावला. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांची भजने ऐकली आणि त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरविले. १९५५ साली जपानमध्ये जागतिक धर्मपरिषद भरली, तिला ते गेले. यावलीच्या शिवणकाम करणाऱ्या बापाचा मुलगा, ज्याला इंग्रजी शाळेचे दार ठाऊक नाही, तो देशोदेशींच्या पंडितांच्या सभेत खंजिरी घेऊन गेला. त्या पंडितांना मराठी-हिंदी किती कळली असेल ते असो. ठेका मात्र कोणत्याही देशाच्या माणसाला कळतो.

१९५६ साली भारत साधुसमाजाची स्थापना झाली, त्याचे ते पहिले अध्यक्ष. साधूने मठात बसून खाऊ नये, समाजाचे काम करावे, हा त्यांचा विचार तेथेही पुढे आला. १९६२ साली चीनचे आक्रमण झाले, १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले, तेव्हा ते सरहद्दीकडे जाऊन जवानांना भजने ऐकवून आले. आपल्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत देशाच्या फौजेसाठी दारूगोळ्याचे काम होते, त्यामुळे ह्या गोष्टीचे मोल येथील कामगारबंधूंना सांगायला नको. जवानाला बंदुकीबरोबर धीरही लागतो.

शेवटी त्यांना कर्करोगाने गाठले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीस त्यांनी देह ठेवला. वय अवघे ५९ वर्षांचे. आजही दरवर्षी पुण्यतिथीला गुरुकुंजात लाखो माणसे जमतात आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली वाहतात. एवढा जनसमुदाय, आणि त्या क्षणी कुणाचा आवाज नाही. ज्याने आयुष्यभर गावोगाव नाद घुमविला, त्याला लोक शांत बसून नमस्कार करतात. १९९३ साली त्यांच्या नावे टपालाचे तिकीट निघाले. २००५ साली नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. ज्या माणसाची शाळा लहानपणीच सुटली, त्याचे नाव आज आपल्या मुलांच्या पदवीच्या कागदावर छापलेले असते.

आपल्या गावचे काय?

मंडळी, चरित्र सांगून झाले. आता आपल्याकडे वळू.

आपला हा झाडीपट्टीचा मुलूख गाण्याबजावण्याचा. दंडार, खडी गंमत, भजन, मंडईतली नाटके, हे सर्व येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. धानाचे रोवणे चालू असताना बायांच्या तोंडी गाणे नाही, असे एकही बांधाड पूर्वी सापडत नसे. गावोगाव भजनी मंडळे होती. टाळ, मृदंग, पेटी आणि खंजिरी देवळाच्या पेटाऱ्यात ठेवलेली असत आणि संध्याकाळी आपोआप बाहेर निघत.

आज काय दिसते? भजनी मंडळातील माणसे साठीच्या पुढची. एक गेला की त्याची जागा भरली जात नाही. पोरांच्या हाती मोबाईल आहे. सणाला डीजेच्या भिंती उभ्या राहतात, आवाजाने म्हाताऱ्यांची छाती धडधडते, खिडक्यांच्या काचा थरथरतात. त्यात ऐकणारे पुष्कळ, गाणारा एकही नाही. पोरांना दोष देऊन चालणार नाही. त्यांच्या हाती खंजिरी कुणी दिली? त्यांना ठेका धरायला कुणी शिकविले? खंजिरी भजनाच्या स्पर्धा विदर्भात अजूनही भरतात, त्यात तरुण मुले आणि मुलीही रंगून भाग घेतात. म्हणजे आवड संपलेली नाही. शिकविणारा आणि बसायला जागा, ह्या दोन गोष्टी हव्यात. जागा तर आता आपण बांधली.

आणखी एक गोष्ट. आपल्या वसाहतीत निर्माणीच्या निमित्ताने निरनिराळ्या प्रांतांची, निरनिराळ्या भाषांची कुटुंबे आली. भोवताली ठाणा, शहापूर, परसोडी अशी जुनी गावे. वसाहतीतला माणूस बदलीवर आलेला, गावातला माणूस पिढीजात. दोघांची गाठ बाजारात पडते, मनाची गाठ पडत नाही. तुकडोजी महाराजांनी मराठीत गायिले तसे हिंदीतही गायिले. त्यांचे भजन म्हणायला कुणाला भाषेची अडचण येत नाही. ह्या सभामंडपात दोघांनी एका सतरंजीवर बसावे, ह्यासाठी ह्याहून चांगला दुवा सापडणे कठीण.

आणि एकत्र बसण्याची गरज केव्हा पडते, हे जवाहरनगरला कुणी शिकवावे असे नाही. २४ जानेवारी २०२५ चा दिवस कुणी विसरलेले नाही. निर्माणीतील स्फोटात कामगारांचे प्राण गेले. सकाळी डबा घेऊन कामावर गेलेला माणूस संध्याकाळी घरी आला नाही. अशा वेळी घरातल्या माणसाला शब्दांनी समजावता येत नाही. सांत्वनाला गेलेल्यालाही काय बोलावे ते सुचत नाही. त्या वेळी गावाने एका ठिकाणी येऊन शांत बसणे, एखादे भजन हलक्या आवाजात म्हणणे, एवढेच माणसाच्या हाती असते. पण ते त्या दिवशी अचानक जमत नाही. ज्या गावाला रोज एकत्र बसण्याची सवय आहे, त्याच गावाला दुःखाच्या दिवशीही एकत्र बसता येते. सामुदायिक प्रार्थनेचे खरे मोल येथे कळते. देऊळ बांधायचे ते ह्यासाठी.

तेव्हा समितीपुढे आणि ग्रामस्थांपुढे काही साध्या सूचना नम्रपणे ठेवाव्याशा वाटतात. त्यांना पैसा फारसा लागत नाही.

पहिली, आठवड्यातील एक संध्याकाळ ठरवून घ्यावी. वेळ ठरवावी आणि ती पाळावी. चार माणसे आली तरी प्रार्थना सुरू करावी. चाळीस येतील म्हणून वाट पाहत बसू नये.

दुसरी, जमलेल्या निधीतून काही रक्कम बाजूला काढून आठ-दहा खंजिऱ्या आणि टाळांच्या जोड्या घ्याव्यात. त्या कपाटात कुलपात ठेवू नयेत. मुलांच्या हाती द्याव्यात. एखादी फुटली तर फुटू द्यावी. फुटलेल्या खंजिरीला नवे कातडे चढते. न वाजविलेली खंजिरी कपाटातच मरते.

तिसरी, गावातील जुन्या भजनी बुवांना मुलांचे गुरुजी करावे. त्यांना पाठ असलेल्या चाली त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नयेत. मुलींना ह्यातून वगळू नये.

चौथी, देवळाचा जमाखर्च दर महिन्याला फळ्यावर लिहावा. दात्याला पावती मिळते, परंतु हिशेब सर्वांना दिसला म्हणजे संशयाला जागा राहत नाही. बहुतेक गावांत भजनी मंडळ मोडते ते सुरावरून नव्हे, पैशावरून आणि मानापानावरून.

पाचवी, ३० एप्रिलला महाराजांची जयंती ग्रामजयंती म्हणून साजरी होते. त्या दिवशी गाव झाडून काढावे, नाल्या साफ कराव्यात आणि मग भजनाला बसावे. आधी खराटा, मग खंजिरी.

दात्यांना एकच विनंती. आपली नावे फरशीवर कोरली गेली, तो आपला मान आहे आणि तो मिळायलाच हवा. परंतु देवळाला दिलेली देणगी एकदाच द्यावयाची असते, असे समजू नये. आठवड्यातला एक तास हीही देणगी आहे. ती ज्याच्याजवळ रुपया नाही त्यालाही देता येते आणि ज्याच्याजवळ लाख आहेत त्यालाही. खरे पाहता लाखवाल्याला ती देणे अधिक जड जाते. दात्यांनी सतरंजीवर पुढे येऊन बसावे. ज्याने देणगी दिली तो भजनाला बसतो, हे पोरांनी पाहिले तर त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

तुकडोजी महाराज कुठल्या मोठ्या घराण्यात जन्मले नव्हते. त्यांच्यामागे संस्थान नव्हते. देवळाच्या ओट्यावर बसून भजन ऐकणारे ते एका खेड्यातले पोर होते. त्या पोराला कुणीतरी ओट्यावर बसू दिले, गाऊ दिले, हुसकावून लावले नाही. म्हणून पुढे महाराष्ट्राला आणि देशाला राष्ट्रसंत मिळाला. आपल्या ह्या नव्या ओट्यावरही उद्या एखादे पोर येऊन बसेल. परीक्षेत मागे असेल, घरची गरिबी असेल, पण बोटे आपोआप फरशीवर ठेका धरीत असतील. त्याला हुसकावू नका. आत बोलवा, खंजिरी द्या, आणि शेजारी बसवून घ्या.

  

जयगुरु!